जीभ अडखळते, तिथेच उच्चार घडतो : स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी ‘त्राबालेंग्वास’चा उपयोग

नवी दिल्ली : स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’. ‘कारो’ म्हणजे ‘महाग’, तर ‘कार्रो’ म्हणजे लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत ‘मोटार’. ‘आओरा’ म्हणजे ‘आता’ आणि ‘आओर्रा’ म्हणजे ‘बचत करतो’. एका ‘र’काराच्या कंपनावर शब्दाचा अर्थ बदलतो. व्याकरण पक्के आणि शब्दसंग्रह मोठा असलेला विद्यार्थीही तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत अशाच ठिकाणी अडखळतो. ही अडचण दूर करण्यासाठी स्पॅनिश भाषक समाजात परंपरेने चालत आलेले एक साधन आहे. त्याचे नाव ‘त्राबालेंग्वास’, म्हणजे जीभ अडखळवणारी वाक्ये. मात्र हे साधन वेगाने म्हणण्याची शर्यत म्हणून वापरले, तर त्याचा लाभ होत नाही. आपल्या मातृभाषेत कोणता ध्वनी नाही, हे ओळखून वाक्य निवडले आणि ते संथपणे म्हटले, तरच उच्चार सुधारतो.

‘त्राबार’ म्हणजे अडकवणे आणि ‘लेंग्वा’ म्हणजे जीभ. या दोन शब्दांपासून ‘त्राबालेंग्वास’ हा शब्द तयार झाला असून त्याचे एकवचन व अनेकवचन सारखेच आहे. २० सार्वभौम देशांत अधिकृत दर्जा असलेल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक असलेल्या या भाषेत मुले अशी वाक्ये खेळता खेळता शिकतात. स्पॅनिश ज्यांची मातृभाषा आहे, त्या मुलांनाही कंपित ‘र्र’ सर्वांत उशिरा साधणाऱ्या ध्वनींपैकी एक असतो. त्यामुळे वाचा-उपचार करणारे तज्ज्ञही या वाक्यांचा आधार घेतात.

जीभ का अडखळते?

बोलताना मेंदू एका वेळी एकाच ध्वनीचा विचार करत नाही. एक ध्वनी उच्चारला जात असतानाच पुढच्या काही ध्वनींची तयारी सुरू झालेली असते. सारखे, पण किंचित वेगळे ध्वनी एकमेकांजवळ आले की ही तयारी परस्परांत मिसळते आणि ध्वनींची अदलाबदल होते. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ भरभर म्हणताना ‘पच्चा कापड’ होते, ते याच कारणाने.

स्पॅनिशमधील ‘पाब्लितो क्लाबो उन क्लाबितो’ हे प्रसिद्ध वाक्य याच तत्त्वावर उभे आहे. पाब्लितोने एक छोटा खिळा ठोकला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु जीभ घसरली की ‘क्लाबितो’चे ‘काल्बितो’ होते आणि खिळ्याच्या जागी टक्कल पडलेला माणूस अवतरतो. या वाक्यात आघाताचाही सराव होतो. ‘क्लाबो’मध्ये शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ ‘त्याने ठोकला’ असा होतो. पहिल्या अक्षरावर दिला तर ‘मी ठोकतो’ किंवा नुसता ‘खिळा’. मराठीत आघात बदलल्याने सहसा शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे ही सवय मराठी भाषकाला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

मराठी जिभेची जमेची बाजू

इंग्रजी भाषकांसाठी तयार झालेले उच्चारांचे धडे मराठी भाषकाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इंग्रजी भाषकाला ‘प’, ‘त’, ‘क’ हे ध्वनी श्वासाचा झोत न सोडता उच्चारणे शिकावे लागते. मराठीत ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ हा भेद बालपणीच अंगवळणी पडलेला असतो. स्पॅनिशमधील ‘त’ मराठी ‘त’प्रमाणेच दन्त्य आहे आणि दोन स्वरांमधला साधा ‘र’ मराठी ‘र’च्या अगदी जवळचा आहे.

तरीही अनेक विद्यार्थी ही जमेची बाजू गमावतात, कारण ते स्पॅनिश शब्द इंग्रजीच्या वाटेने वाचतात. ‘तोमाते’चे ‘टोमाटे’ होते आणि ‘देदो’, म्हणजे बोट, याचे ‘डेडो’. ‘त्रेस त्रिस्तेस तिग्रेस त्रागाबान त्रिगो एन उन त्रिगाल’ हे वाक्य येथे उपयोगी पडते. तीन दुःखी वाघ गव्हाच्या शेतात गहू गिळत होते, असा त्याचा अर्थ. इंग्रजीच्या प्रभावाखाली हे ‘ट्रेस ट्रिस्टेस’ असे म्हटले जाते. ‘ट्रक’मधला ‘ट्र’ बाजूला ठेवून ‘मित्र’ आणि ‘त्रास’ यांमधला ‘त्र’ घेतला की मराठी भाषकाचे अर्धे काम होते. ‘त्रेस’ आणि संस्कृत ‘त्रि’ ही एकाच भाषाकुलातील सजातीय रूपे आहेत, हे लक्षात ठेवले तर उच्चारही लक्षात राहतो.

‘र्र’ची गुरुकिल्ली ‘भुर्रकन’मध्ये

खरी कसोटी कंपित ‘र्र’ची. साध्या ‘र’साठी जिभेचे टोक वरच्या दातांमागील हिरडीच्या उंचवट्यावर एकदाच आपटते. कंपित ‘र्र’मध्ये ते साधारण दोन-तीन वेळा थरथरते. ही थरथर जोर लावून निर्माण करता येत नाही. टोक सैल ठेवून उंचवट्याजवळ नेले आणि हवेचा प्रवाह सोडला, तर ते वाऱ्यावरच्या पताकेप्रमाणे आपोआप फडफडते. जीभ ताठ ठेवली की कंपन थांबते. जास्त प्रयत्न केल्याने हा ध्वनी अधिक अवघड का होतो, याचे उत्तर येथे आहे.

मराठी भाषकाला हा ध्वनी पूर्णतः परका नाही. चिमणी ‘भुर्रकन’ उडते, कापड ‘टर्रकन’ फाटते, साप ‘सर्रकन’ निघून जातो. या शब्दांतील लांबवलेला ‘र्र’ हाच स्पॅनिश ‘र्र’कडे जाणारा सोपा मार्ग ठरू शकतो. ‘भुर्र’ दहा वेळा सहजपणे म्हणून लगेच ‘पेर्रो’ म्हटल्यास जिभेला तीच हालचाल आठवते.

त्यानंतर ‘एल पेर्रो दे सान रोके नो त्येने राबो’ हे वाक्य घ्यावे. सान रोके या संताच्या कुत्र्याला शेपूट नाही, असे ते सांगते. या संताच्या चित्रांत व मूर्तींत त्याच्यासोबत कुत्रा दाखवण्याची प्रथा आहे. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या आरंभी आलेला ‘र’, तसेच ‘न’, ‘ल’ आणि ‘स’ यांच्यानंतर येणारा ‘र’ लिहिताना एकच असला तरी कंपित उच्चारला जातो. म्हणून ‘पेर्रो’बरोबर ‘रोके’ आणि ‘राबो’ यांतही कंपन हवे. नियम पाठ करण्यापेक्षा तो या एका वाक्यातून लवकर मुरतो.

देवनागरीतून होणारी फसगत

स्पॅनिश वाक्ये देवनागरीत लिहून घेणे सोयीचे असले, तरी त्यात धोके आहेत. मराठीतील ‘च’चे दोन उच्चार आहेत : एक ‘चहा’मधला आणि दुसरा ‘चोर’मधला. स्पॅनिशमध्ये केवळ ‘चहा’मधला ‘च’ आहे. ‘पांचा प्लांचा कोन क्वात्रो प्लांचास’, म्हणजे पांचा चार इस्त्र्यांनी इस्त्री करते, हे वाक्य म्हणताना ही खबरदारी घ्यावी लागते.

दुसरा धोका ‘ब’ आणि ‘द’ यांचा. दोन स्वरांमध्ये आले की स्पॅनिशमधील हे ध्वनी सैल होतात. ओठ किंवा जीभ पूर्ण अडथळा करत नाही, हवा सतत वाहत राहते. त्यामुळे ‘देदो’मधला पहिला ‘द’ घट्ट आणि दुसरा मऊ असतो. लिपीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. तिसरा धोका ‘अ’चा. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर आहेत आणि मराठी ‘अ’ त्यांत नाही. प्रत्येक ‘आ’ स्पष्टच उच्चारावा लागतो. म्हणून आधी ध्वनिमुद्रण ऐकावे आणि लिपीचा उपयोग आठवणीपुरता करावा, हे योग्य.

सराव कसा करावा?

आधी कान तयार करावा. ‘पेरो’ आणि ‘पेर्रो’ यांतील फरक ऐकून ओळखता येत नसेल, तर तो बोलताना साधत नाही. मग वाक्याचा अर्थ समजून घ्यावा. त्यानंतर अक्षरे सुटी करून, टाळीच्या ठेक्यावर, अत्यंत संथ गतीने म्हणावे. लांब वाक्य शेवटच्या शब्दाकडून सुरुवात करून एकेक शब्द मागे जोडत बांधल्यास शेवट ढासळत नाही. आपला आवाज मोबाइलवर मुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडून पाहावा. सलग काही वेळा एकही चूक झाली नाही, तरच वेग थोडा वाढवावा. चुकीचा उच्चार वेगाने घोटला, तर चूकच पक्की होते. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची पाच-दहा मिनिटे अधिक उपयुक्त ठरतात. शेवटी तोच ध्वनी असलेली साधी, रोजच्या वापरातील वाक्ये बोलावीत; अन्यथा वाक्य पाठ होते, पण संभाषणात ध्वनी पुन्हा हरवतो.

उद्दिष्ट कोणते?

स्पॅनिशचा उच्चार सर्वत्र एकसारखा नाही. ‘कासा’ म्हणजे घर आणि शिकार या अर्थाचा त्याच्याशी मिळताजुळता शब्द माद्रिदमध्ये वेगळे ऐकू येतात. मेक्सिकोत दोन्ही ‘कासा’च असतात. दोन्ही पद्धती प्रमाण मानल्या जातात. विद्यार्थ्याने एक पद्धत निवडून तिच्यात सातत्य ठेवावे, इतकेच अपेक्षित असते.

युरोपीय परिषदेने आपल्या भाषा-आराखड्याच्या २०१८ मधील पूरक खंडात उच्चाराचे निकष बदलले. मातृभाषकासारखे बोलणे हा आदर्श मागे पडला आणि ऐकणाऱ्याला समजणे हा निकष पुढे आला. इन्स्टिट्यूटो सर्व्हान्टेसतर्फे घेतल्या जाणाऱ्या ‘देले’ परीक्षांचे स्तर याच आराखड्याशी जोडलेले आहेत. बोलण्यात मराठी वळण जाणवणे हा दोष नव्हे. ‘पण’ म्हणायचे असताना समोरच्याला ‘कुत्रा’ ऐकू येऊ नये, एवढी स्पष्टता हवी. आणि तीन दुःखी वाघांसोबत रोज घालवलेली पाच मिनिटे ती मिळवून देऊ शकतात.