रँचवरचा हिवाळा: वैरणीचा खर्च नेमका कुठे होतो?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाच्या गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. तिथले रँचवाले मांसासाठी गाई पाळतात, दरवर्षी वासरं विकतात. त्यांच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा चाऱ्याचा, आणि त्यातही थंडीतल्या महिन्यांचा.

‘थंडी पडली की चरणं संपलं, आता गठ्ठे सोडायचे,’ ही समजूत सर्वांत महाग पडते. गवत कापायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे, वाहून आणायचे आणि पुन्हा ट्रॅक्टरने गाईपुढे नेऊन टाकायचे. प्रत्येक टप्प्याला डिझेल आणि मजुरी. गाईला चार पाय आहेत, हे या हिशेबात कुणी धरतच नाही! उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या कुरणातलं उभं वाळलेलं गवत ती हिवाळ्यातही खाते. अडचण प्रथिनांची असते. गवतात ती सात टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले सूक्ष्मजीव उपाशी राहतात, पचन मंदावतं आणि गाय खातेही कमी. थोडी पेंड किंवा इथेनॉल कारखान्यातला मक्याचा चोथा दिला की तेच गवत अंगी लागतं. हा खुराक रोज द्यायलाही नको. रवंथ करणारी जनावरं शरीरातला युरिया लाळेवाटे पुन्हा कोठीपोटात आणतात, त्यामुळे एक दिवसाआड दिला तरी चालतं आणि फेऱ्या निम्म्या होतात.

दुसरा स्वस्त चारा म्हणजे मका काढलेलं रान. मात्र ‘गाई रान तुडवतात, पुढचं पीक घटतं’ असं शेतकऱ्यांना वाटतं. नेब्रास्का विद्यापीठाने मीड इथे अनेक वर्षं हेच तपासलं. गाई चारलेल्या रानात पुढच्या मका-सोयाबीनचं उत्पादन घटलं नाही. गाय आधी पडलेली कणसं वेचते, मग पाला आणि कणसावरची सालं. जाड धाटांकडे सहसा वळत नाही. आपल्याकडे कडब्याची कुट्टी करतात ती तिला अशी निवड करता येऊ नये म्हणूनच. तिथे उलट, तिला निवडू देण्यातच फायदा. निम्मा पाला रानात राहिला की गाई हलवायच्या.

‘कडाका वाढला की धान्य वाढवा,’ हेही अर्धवट खरं. तंतुमय चारा कोठीपोटात आंबताना बरीच उष्णता निघते, म्हणून थंडीच्या लाटेत चांगलं वाळलेलं गवत वाढवणं सोयीचं. दाट, कोरड्या केसांची गाय उणे आठ अंश सेल्सिअसपर्यंत जादा चाऱ्याविना तग धरते. त्याखाली दर अंशाला साधारण दोन टक्के ऊर्जा जास्त लागते. केस भिजलेले असतील तर हीच मर्यादा पंधरा अंशांवर येते. म्हणजे वारा अडवणारी झाडांची रांग आणि कोरडी बसायची जागा हीसुद्धा वैरणीची बचतच.

गाई बारीक ठेवून पैसे वाचवणारेही असतात. पोटातलं वासरू शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढतं. त्या काळात हाडं दिसू लागलेली गाय व्याल्यावर उशिरा माजावर येते आणि पुढचं वासरू लांबतं. शिवाय अंगावर चरबी नसली की थंडीत चारा जास्तच लागतो.

उघड्यावर भिजणाऱ्या गठ्ठ्यांचं काय? ‘वरचा थरच तर खराब झालाय’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष केलं जातं. दीड मीटर व्यासाच्या गोल गठ्ठ्याचा बाहेरचा फक्त पंधरा सेंटिमीटरचा थर म्हणजे एकूण गवताचा छत्तीस टक्के भाग.

खरा मोठा फरक विण्याच्या तारखेने पडतो. मार्चमध्ये व्यालेली गाय दूध द्यायला लागते तेव्हा कुरण अजून सुकलेलंच असतं. जूनमध्ये व्यालेलीला हिरवं गवत आयतं मिळतं आणि गठ्ठ्यांची गरज बरीच कमी होते. सर्वांना ते परवडेलच असं नाही. जूनची वासरं शरदातल्या बाजारात हलकी भरतात. वजनासाठी ती हिवाळाभर राखली, तर गाईचा वाचलेला चारा वासरांपुढे टाकावा लागतो.