अवजार कोणाच्या मालकीचे?

चित्रपटात डोंगरमाथ्यावर एकटा उभा असलेला नायक आपण पाहतो, तेव्हा डोंगर एका ठिकाणी, नायक दुसऱ्या ठिकाणी आणि ढग तिसऱ्याच ठिकाणी टिपलेले असण्याचा संभव बराच असतो. या तुकड्यांचे एकजीव चित्र करण्याच्या कलेस कंपोझिटिंग म्हणतात. पूर्वी हे काम ऑप्टिकल प्रिंटरवर फिल्म पुनःपुन्हा छापून होत असे. आता ते संगणकावर होते. चित्रातील प्रत्येक बिंदूच्या रंगाबरोबर तो किती झाकणारा आहे हे सांगणारी चौथी संख्या ठेवून चित्रे एकमेकांवर कशी बसवावीत, याचे गणित पोर्टर व डफ यांनी १९८४ साली मांडले.

या कामाची प्रगत सॉफ्टवेअरे बहुधा 'नोड' पद्धतीची असतात. हिरवा पडदा काढणे, रंग जुळवणे, कडा मऊ करणे, अशी प्रत्येक क्रिया म्हणजे एक चौकोन. हे चौकोन रेघांनी जोडत जायचे. मूळ चित्राला धक्का लागत नाही. तिसऱ्या पायरीवरील दोष शंभराव्या पायरीवर ध्यानात आला, तरी तेवढाच चौकोन बदलावा. पुढचे सारे आपोआप नव्याने घडते. उत्तराबरोबर रीतही लिहा, असा आग्रह धरणाऱ्या गणिताच्या शिक्षकांना ही पद्धत खचित आवडावी.

परंतु ही रीत ज्या वहीत लिहायची ती वहीच दुसऱ्याच्या मालकीची असेल तर? 'शेक' या सॉफ्टवेअरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'सारख्या चित्रपटांना त्याने हात दिला होता. २००२ मध्ये अ‍ॅपलने ते विकत घेतले, पुढे विंडोजवरील आवृत्ती बंद केली, २००६ मध्ये किंमत एकदम ४९९ डॉलरवर आणली आणि २००९ मध्ये त्याची विक्रीच थांबवली. ज्यांनी वर्षानुवर्षे हात बसवला होता, त्यांना या निर्णयात मत नव्हते. आज त्या जागी असलेल्या 'न्यूक'ची विनामूल्य आवृत्ती विद्यार्थ्यांना मिळते खरी. पण तिच्यातून व्यावसायिक काम करता येत नाही आणि चित्राचा आकारही मर्यादित राहतो.

या पार्श्वभूमीवर फ्रान्सच्या इन्रिया या सरकारी संशोधनसंस्थेत घडलेल्या 'नॅट्रॉन'चे महत्त्व कळते. २०१४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. ते फुकट आहे, आणि त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. कोणतीही कंपनी ते गुंडाळून ठेवू शकत नाही. मात्र मालक नाही म्हणजे राबणाराही नाही, असे सहज होऊ शकते. पुढे मूळ कर्त्यांचा वेळ अन्यत्र गेला आणि विकासक हवेत, देखभाल करणारे हवेत, असे जाहीर आवाहन करण्याची पाळी या प्रकल्पावर आली. परवान्याने संहिता मोकळी होते. तिच्यातील दोष मात्र कोणीतरी बसूनच काढावे लागतात.

परदेशी चित्रपटांचे असे बरेचसे काम मुंबईत होते. येथील संस्था भरमसाट शुल्क घेऊन मुलांना दुसऱ्याची अवजारे वापरावयास शिकवतात. अवजार घडवण्याची विद्या अभ्यासक्रमात क्वचितच डोकावते. नॅट्रॉनमधील एखादा दोष शोधून नीट लिहून कळवणे, जमल्यास दुरुस्त करणे, किंवा मार्गदर्शिकेचे एक प्रकरण मराठीत आणणे, हे संगणक पदविकेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात सहज बसणारे काम आहे. त्यासाठी ना अनुदान लागते, ना मंत्रालयाची मंजुरी.