रिकाम्या जॅकना टोपी घाला

पावसाळ्यात कोकण-मुंबईची खारट, दमट हवा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या उघड्या जॅकवर बसते. चकचकीत कडी मळकट होते आणि पुढे त्यात वायर लावली की आवाजात खरखर येते.

• न वापरलेल्या प्रत्येक आरसीए जॅकवर प्लॅस्टिकची घट्ट टोपी बसवा.

• पिन शॉर्ट करणारी धातूची टोपी फक्त इनपुटला चालते. आउटपुटला लावल्यास यंत्र बिघडू शकते.

• सोन्याचा मुलामा गंजत नाही. पण तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो.

• मळलेला जॅक यंत्राचा प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पॉलिश पेपरने घासू नका. मुलामाच निघून जाईल.

टोप्या पावसाआधीच बसवा. एकदा गेलेला मुलामा परत येत नाही.