क्वार्टर सुटल्यावर

मलाजखंडला रेल्वे नाही. बालाघाटहून बैहरमार्गे सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता घाट चढत, सालवृक्षांच्या जंगलातून तिथे पोचतो. बैहरजवळून कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की दरवाजाकडे फाटा जातो, छत्तीसगडची सीमाही इथून लांब नाही. अशा आडबाजूच्या मुलखात एकाएकी एकसारखी घरं, पथदिवे, शाळा, दवाखाना आणि खेळाचं मैदान दिसू लागतं. हिंदुस्तान कॉपर लिमिटेड या केंद्र सरकारच्या कंपनीने १९८२ मध्ये इथे तांब्याची खुली खाण सुरू केली आणि तिच्यासोबत ही टाउनशिप वाढली. देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण म्हणून मलाजखंड ओळखलं जातं. इथल्या दगडात तांबं असतं जेमतेम टक्का-सव्वा टक्का. तो दगड फोडून, दळून त्याचं सांद्र (कॉन्सन्ट्रेट) काढायचं आणि पुढच्या प्रक्रियेला दूरवर पाठवायचं, असा हा उद्योग.

खाणीला माणसं लागतात आणि माणसांना घरं लागतात. जंगलात भाड्याची खोली कुठून मिळणार? म्हणून कंपनीने क्वार्टर बांधली. नोकरीची पायरी जशी, तसा क्वार्टरचा टाइप. बढती मिळाली की मोठं क्वार्टर, आणि निवृत्ती आली की किल्ली परत. माणूस वयाच्या पंचविशीत इथे येतो, त्याचं लग्न होतं, मुलं होतात, ती शाळा संपवून बाहेर पडतात, आणि साठाव्या वर्षी त्या घरावर त्याचा कसलाही हक्क उरत नाही. मलाजखंडच्या कामगार कुटुंबांच्या स्थलांतराची गोष्ट इथून सुरू होते.

टाउनशिपमधला शेजार ड्यूटीच्या घड्याळावर चालतो. ए, बी, सी अशा तीन शिफ्ट. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो, हे गल्लीतल्या पोरांना पाठ असतं, त्यामुळे त्या दारासमोर त्या दिवशी क्रिकेट होत नाही. नळ गळतो, छताला ओल येते, तेव्हा तक्रार वहीत लिहायची, माणूस येऊन दुरुस्त करून जातो. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, त्याच सुमाराला गणपती, मग दुर्गापूजा, दिवाळीनंतर छठ. सार्वजनिक क्षेत्रातल्या कुठल्याही वसाहतीसारखी इथेही अनेक प्रांतांची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात. मराठी बाईच्या हळदीकुंकवाला बंगाली काकू आणि बिहारी भाभी हक्काने येतात. कुणाच्या घरी मध्यरात्री दुखणं निघालं, तर गाडी काढायला शेजारचा उठतो, कारण दोघं एकाच खात्यात असतात आणि सकाळी एकाच गेटमधून आत जाणार असतात.

या शेजाराची घडण कंपनी करते, हे त्यात राहताना जाणवत नाही. रस्ता, पाणी, वीज, दिवाबत्ती, कचरा, सगळं कुणीतरी बघतं. पगाराची स्लिप आणि घराचा पत्ता एकाच ठिकाणाहून येतात.

मग निवृत्त माणूस मलाजखंडलाच जागा घेऊन घर का बांधत नाही? यामागे कायद्याचं एक मोठं कारण आहे. जुना बैहर तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र आहे. गोंड आणि बैगा समाजाचा हा मुलूख. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५ (६) प्रमाणे अनुसूचित क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकत घेता येत नाही. ही तरतूद हवीच. खाणी, जंगल खातं आणि सावकार यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांच्या हाती जी जमीन उरली, ती या कलमामुळे उरली. पण बाहेरून आलेल्या कामगाराच्या दृष्टीने तिचा अर्थ असा होतो की आयुष्य जिथे गेलं तिथे कायमचं घर बांधायला जागा फार थोडी. शिवाय म्हातारपणी हवा असतो हृदयाचा डॉक्टर, आणि तो जिल्ह्याच्या गावीही हमखास मिळेल असं नाही. मुलं तर आधीच शिक्षणासाठी बाहेर गेलेली असतात.

काही कुटुंबं बालाघाट, वारासिवनी किंवा गोंदियाला थांबतात. काही रायपूर-भिलाईकडे वळतात. मराठी बोलणाऱ्यांची ओढ मात्र नागपूरकडे असते, आणि ती आजची नाही. १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. स्वातंत्र्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचं सरकार नागपुरातूनच चालत असे. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि एका घरातल्या दोन भावांच्या मध्ये राज्याची सीमा आली. व्यवहार मात्र तुटले नाहीत. बालाघाटजवळच्या भरवेलीची मँगनीज खाण चालवणाऱ्या 'मॉयल'चं मुख्यालय आजही नागपुरात आहे. बालाघाटचा रुग्ण आजही नागपूरच्या 'मेडिकल'ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणला जातो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांत या जिल्ह्याची माणसं असतात. लेक नागपूरला दिलेली, मामा गोंदियाला, शेत लांजीकडे, अशी घरं इथे सर्रास सापडतात.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख होती आणि एकट्या नागपूर शहराची २४ लाख. एवढ्या मोठ्या शहरात निवृत्त कामगार येतो तेव्हा त्याच्या हातात एकरकमी पैसा असतो. भविष्यनिर्वाह निधी असतो आणि कमाल २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी. महिन्याची मिळकत मात्र एकदम आटते. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे. पस्तीस वर्षं नोकरी केली तरी सूत्राप्रमाणे पेन्शन साडेसात हजारांच्या आसपास येते. एकरकमी पुंजी मोठी आणि मासिक आधार तोकडा, त्यामुळे घर घेण्यातली एक चूक उरलेल्या आयुष्यावर बसते. क्वार्टर वेळेत सोडलं नाही तर दंडात्मक भाडं लागतं. ते ग्रॅच्युइटीतून वळतं करून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे घर शोधायला सवडही मिळत नाही.

नागपुरात प्लॉट दिसायला सोपा. एजंट मोटरसायकलवर नेतो, काळ्या मातीच्या शेतात सिमेंटचे खुंट पुरलेले असतात, खुंटावर रंगाने नंबर. 'इथून तीस फुटी रोड, तिकडे गार्डन', असं हाताने दाखवलं जातं. उन्हाळ्यात ती जागा कोरडी आणि छान वाटते. जुलैत तीच काळी माती घोट्यापर्यंत चिखल होते, तेव्हा कळतं की रोड नकाशावर आहे आणि पावसाचं पाणी जायला वाट नाही.

अशा हजारो प्लॉटांवर नागपूर वाढलं. १९३६ च्या कायद्याने आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने आखलेल्या वस्त्या थोड्या पडल्या. शहराकडे येणारा ओघ मोठा होता, तेव्हा शहराच्या कडेची शेतं गृहनिर्माण संस्थांनी घेतली, त्यांचे तुकडे पाडले आणि कामगार, शिक्षक, कारकून यांना हप्त्यांवर विकले. मंजुरी बऱ्याच ठिकाणी नव्हतीच. नागपूरकर ज्यांना '५७२' आणि '१९००' लेआउट म्हणून ओळखतात, ते याच रीतीने वसले. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करून अशा वस्त्या नियमित करायची वाट काढली. प्लॉटधारकाने अर्ज करायचा, डिमांड नोट आली की विकासशुल्क भरायचं आणि मग नियमितीकरणाचं पत्र घ्यायचं. या पत्राला नागपुरात सगळे 'आरएल' म्हणतात. प्लॉटची चौकशी करताना पहिला प्रश्न असतो, 'आरएल आहे का?'

मलाजखंडहून आलेल्याला हा प्रश्न ठाऊक नसतो, कारण त्याने आयुष्यात कधी जमिनीचा कागद हाताळलेला नसतो. त्याने काय पाहायला हवं? सातबारा किंवा आखीव पत्रिका कुणाच्या नावावर आहे, जमीन अकृषक झाली आहे का, लेआउट मंजूर आहे का, विक्रीपत्र करून देणाऱ्याला विकायचा अधिकार आहे का. शहराबाहेरच्या पट्ट्यात मंजुरी महापालिकेची चालत नाही. तिथे २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा कारभार आहे. नोटरीसमोर केलेल्या करारनाम्याने मालकी येत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं विक्रीपत्रच लागतं.

प्लॉटचा व्याप नको म्हणून बरेच जण 'फ्लॅट स्कीम'कडे वळतात. इथे २०१६ च्या रेरा कायद्याचा मोठा आधार आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्चावी लागते. किंमत कार्पेट क्षेत्रावर ठरते आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की प्रकल्पाचे कागद घरबसल्या दिसतात. छोट्या, सहा-आठ सदनिकांच्या इमारती मात्र अनेकदा या जाळ्याबाहेर राहतात, आणि निवृत्तांच्या बजेटात बसतात त्याच.

नागपुरातल्या बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतात. सदनिका मालकीची असते आणि जमिनीत अविभाजित हिस्सा मिळतो. देखभाल करते सदनिकाधारकांची संघटना, म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन उत्साही माणसं. पाण्याची मोटर जळली, टाकी धुवायची झाली, तर आता तक्रार वहीत लिहून भागत नाही, वर्गणी काढावी लागते. कंपनी करत होती ते सगळं आता शेजाऱ्यांनी मिळून करायचं असतं, आणि हे शेजारी एका गेटमधून कामाला जात नाहीत.

इथेच खाण कामगारांचं एक बळ उपयोगी पडतं. पस्तीस वर्षं निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांशी जुळवून घेतलेली ही कुटुंबं असतात. यंत्र कसं चालतं, वायरिंग कुठे बिघडतं, हे त्यांना कळतं. सभेत बोलण्याची सवय युनियनमध्ये लागलेली असते. इमारतीचा हिशेब आणि लिफ्टची देखभाल त्यांच्याकडे सोपवली, तर नव्या वस्तीला जाणता माणूस मिळतो आणि त्यालाही पुन्हा शेजार मिळतो.

घराइतकाच महत्त्वाचा दुसरा कागद मुलांचा. राज्य बदललं की सवलती आपोआप सोबत येत नाहीत. महाराष्ट्राचा अधिवास दाखला मिळवायला साधारणपणे १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांचं महाराष्ट्रातलं वास्तव्य ठरलेल्या तारखेपूर्वीचं दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सीमेअलीकडे आजोबांचं घर होतं, पण वडील मलाजखंडला गेले, अशा कुटुंबांना जुना महसुली कागद किंवा शाळेचा दाखला शोधायला गोंदिया-भंडाऱ्याच्या कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात. ही शोधाशोध बारावीच्या निकालानंतर सुरू केली, तर वर्ष हातचं जातं.

कंपनीच्या वसाहतींचं पुढे काय करायचं, याची उत्तरं देशात निरनिराळी मिळाली आहेत. भिलाईत 'सेल'ने बरीच क्वार्टर दीर्घ मुदतीच्या लीजवर कामगारांना दिली, त्यामुळे निवृत्तीनंतरही शेजार टिकला. कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या आणि तिथल्या कामगार कुटुंबांना जुन्या घरांच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मलाजखंड अजून खाण बंद पडण्याच्या वळणावर आलेलं नाही. खुली खाण खोल गेली तसं कंपनीने भूमिगत खाणकाम हाती घेतलं, त्यामुळे गाव पुढेही नांदतं राहील. पण कायम कामगार कमी आणि ठेक्यावरचे जास्त, अशी सार्वजनिक उद्योगांची सगळीकडची चाल आहे, आणि ठेक्यावरच्या माणसाला क्वार्टरचा हक्क सहसा नसतो. एकीकडे जुनी घरं रिकामी पडण्याची शक्यता, दुसरीकडे नव्या कामगाराला भाड्याची खोली शोधायची वेळ.

म्हणून घरांचा हा प्रश्न आत्ताच टेबलावर यायला हवा. आदिवासींच्या जमिनीला हात न लावता, कंपनीच्या ताब्यातली रिकामी क्वार्टर निवृत्तांना आणि ठेका कामगारांना लीजवर किंवा रास्त भाड्याने देता येतील का, याचा निर्णय कंपनी आणि राज्याने मिळून घ्यावा. निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना कामगारांसाठी घरखरेदीच्या कागदांचं शिबिर युनियनला सहज घेता येईल, नागपुरातला एखादा जाणकार वकील बोलावला तरी पुरे. आणि नागपुरात ज्यांनी विकासशुल्क भरलं आहे, त्यांच्या लेआउटमध्ये गटारलाइन, नळ आणि रस्ता कधी येणार, याची तारीख प्रशासनाने डिमांड नोटवरच लिहून द्यावी.