खंडानंतर पुन्हा मासेमारी : तराफा पाण्यात लोटण्यापूर्वी

पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या तीन जलाशयांच्या काठच्या गावांत भोई समाजाबरोबरच अनेक शेतकरी कुटुंबांनी शेतीला मासेमारीची जोड दिली. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बहुतेक धरणे तळाला गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षांत जाळी माळ्यावर पडतात आणि माणसे ऊसतोडीला किंवा शहराकडे जातात. पाणी आल्यावर काहीजण पुन्हा जाळ्याकडे वळतात. २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिल्याने या जोडधंद्याकडे नव्याने पाहिले जात आहे. परंतु खंडानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात, हे लक्षात घ्यावे.

प्रस्तुत लेखकाचे बालपण जलाशयाकाठी गेले. शिक्षण व नोकरीमुळे बारा वर्षे खंड पडला. परत तराफ्यावर बसलो तेव्हा पोहणे विसरलो नव्हतो, वल्हवणेही जमले. मात्र जाळे ओढताना तोल गेला आणि पाण्यातून तराफ्यावर काही केल्या चढता येईना. शेजारच्या तराफ्यावरील काकांनी हात दिला म्हणून निभावले. त्या दिवसापासून एकच नियम पाळतो : कमरेएवढ्या पाण्यात तीन वेळा परत चढून दाखवल्याशिवाय खोल पाण्यात जायचे नाही.

तराफ्याची तपासणी

एका माणसाने बसून वल्हवायच्या नावेला परदेशात कयाक म्हणतात. आपल्याकडे तेच काम थर्माकोलचा तराफा करतो. एक घनफूट थर्माकोल सुमारे २८ किलो भार कसाबसा तोलतो. माणूस ६० किलो आणि ओले जाळे व मासळी २५ किलो धरल्यास एकूण भार ८५ किलो होतो. म्हणजे तीन घनफुटांचा तराफा पाण्याच्या पातळीलाच येईल. म्हणून किमान सहा घनफूट, म्हणजे ३ फूट लांब, २ फूट रुंद व १ फूट जाड एवढा तरी असावा. रुंदी अधिक असल्यास तोल चांगला राहतो.

उन्हात पडलेल्या थर्माकोलचे दाणे सुटतात. बोटाने दाबून भुगा होत असेल तर तो भाग काढून टाकावा. तराफ्याला पेट्रोल लागू देऊ नये, थर्माकोल विरघळतो. वरून खताच्या रिकाम्या गोण्यांचे आवरण शिवावे व दोरीने घट्ट आवळावे. कडेला धरण्यासाठी दोरीचे दोन फास ठेवावेत. परत चढताना तेच उपयोगी पडतात.

जाळ्याची तपासणी

नायलॉनचा धागा ऊन व उंदीर यांमुळे निकामी होतो. ठिकठिकाणी धागा दोन्ही हातांनी ताणून पाहावा. सहज तुटल्यास तेवढे जाळे बाद करावे. जाळे कमरेला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. बुडणाऱ्या माणसाला पोहता येत असूनही जाळेच अडकवून ठेवते. धारदार चाकू दोरीने बांधून हाताशी ठेवावा.

आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, मोठा ठेवावा. रोहू, कटला व मृगळ स्थिर पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत, म्हणून जलाशयात बोटुकली सोडावी लागते. लहान मासळी पकडणे म्हणजे पेरलेले बी उकरून खाणे होय.

पाणी बदललेले असते

पाणी आटते तेव्हा उघड्या पात्रात गाळपेर होते, वेड्या बाभळी वाढतात, मोटारींचे पाइप व तारा राहून जातात. धरण भरले की हे सर्व पाण्याखाली जाते. जुन्या आठवणीवर विसंबून न राहता नियमित मासेमारी करणाऱ्यास बरोबर घेऊन जागा पाहावी. येलदरीच्या वीजगृहातून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरकडे येते. त्यामुळे पाणी सोडण्याची वेळ विचारूनच मधल्या पात्रात उतरावे.

वारा समोरून घेत निघावे म्हणजे थकल्यावर परतीला तोच मदत करतो. वळवाचे ढग दिसताच काठ गाठावा; उघड्या पाण्यावर विजेचा धोका मोठा असतो.

पहिल्या पंधरवड्याचे वेळापत्रक

पहिले तीन दिवस जाळे न घेता काठालगत अर्धा तास वल्हवावे व परत चढण्याचा सराव करावा. नंतरचा आठवडा छोटे जाळे घेऊन सोबत्यासह जावे. त्यानंतरच पूर्ण जाळे न्यावे. जीवरक्षक जाकीट प्रत्येक वेळी अंगावर बांधलेले असावे, तराफ्यावर ठेवलेले नव्हे. दारू पिऊन पाण्यात उतरू नये. कोणत्या बाजूला जातो व केव्हा परत येणार हे घरी सांगून निघावे.

सुरुवातीपूर्वी आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदत्व चालू आहे का व जलाशयाचा ठेका कोणाकडे आहे, याची जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात खात्री करून घ्यावी.

बंधूंनो, बंद पडलेली मोटार सुरू करण्यापूर्वी आपण वायर, पाइप, फुटव्हॉल्व्ह सारे पाहतो. तीच काळजी स्वतःच्या जिवाबाबत घ्यावी. मासळी उद्याही मिळेल; तिच्यासाठी घरी परतणारा माणूस महत्त्वाचा.