तोफेने बदललेला तट

ऱ्होड्सच्या जुन्या शहराभोवतीचा खंदक कोरडा आहे. त्यात पाणी कधी नव्हतेच. आज लोक तेथे फिरायला जातात, आणि पायवाटेच्या कडेला त्यांना दगडाचे मोठमोठे गोळे पडलेले दिसतात. हे गोळे वेढ्यांच्या काळातले. ते पाहून आपण वर तटाकडे बघितले की एक प्रश्न पडतो. गावाच्या संरक्षणासाठी कित्येक मीटर जाड भिंत कशाला लागावी?

ऱ्होड्स हे ग्रीसचे बेट, पण तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून वीस किलोमीटरही दूर नाही. यात्रेकरूंची शुश्रूषा करण्यासाठी जेरुसलेममध्ये निघालेला हॉस्पिटलर हा पंथ पुढे क्रुसेडच्या युद्धांत लढवय्या झाला. १२९१ मध्ये आक्रे हे बंदर हातचे गेल्यावर हे सरदार सायप्रसला गेले आणि १३०९ च्या सुमारास ऱ्होड्सला स्थिरावले. तेथे जुनी बायझंटाइन तटबंदी होतीच, तिच्यावरच त्यांनी आपली उभारली. शहराच्या उत्तर भागात सरदारांचे वाडे आणि मोठे रुग्णालय होते. दक्षिणेकडे ग्रीक, ज्यू, व्यापारी, कारागीर अशी बाकीची वस्ती. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या सरदारांचे भाषेनुसार गट होते आणि तटाचा एकेक भाग एकेका गटाने सांभाळायचा, अशी वाटणी होती.

सुरुवातीचा तट पातळ आणि उंच होता. शत्रू शिडी लावून चढणार, तेव्हा जितकी उंची जास्त तितके बरे, हा हिशेब सरळ होता. तोफेने तो उलटा केला. उंच भिंत म्हणजे दुरूनही चुकणार नाही असे लक्ष्य. शिवाय दगडी बांधकाम दाब चांगला सोसते, पण ताण सोसत नाही. पायथ्याशी मारा होऊन भगदाड पडले की वरचे वजनच भिंतीला खाली ओढते. मग उपाय काय? भिंत जाड करायची आणि आत मातीची भर घालायची. गोळ्याची ऊर्जा माती दाबण्यात खर्च होते. माती दगडासारखी तडकत नाही.

१४८० मध्ये तुर्कांनी वेढा घातला. ज्यू वस्तीजवळचा तट तोफांनी फोडला, हल्लेखोर वर चढले, पण शेवटी परतवले गेले. दुसऱ्याच वर्षी मोठा भूकंप झाला. त्यानंतरची चाळीस वर्षे दुरुस्ती आणि फेरबांधणी चालूच होती. खंदक रुंद केला, तट काही ठिकाणी बारा मीटरपर्यंत जाड झाला, आणि बुरुजांचा आकार बदलला.

हा आकार वर्गात समजावता येतो. फळ्यावर सरळ तट काढा आणि त्यावर एक गोल बुरूज. आता शेजारच्या बुरुजांवरून गोल बुरुजाला स्पर्श करून पुढे जाणाऱ्या रेषा काढा. बुरुजाच्या अगदी समोर एक त्रिकोण उरतो. तेथे उभा राहिलेला शत्रू कोणाच्याच माऱ्यात येत नाही, आणि निवांतपणे बुरुजाचा पाया खणू शकतो. बुरुजाचे टोक त्या त्रिकोणाच्याच आकाराचे केले की शत्रूला आडोसा राहत नाही. ऱ्होड्सला सेंट जॉर्ज बुरुजात आधीचा चौकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती नंतर बांधलेला कोनदार बुरूज एकाच ठिकाणी पाहायला मिळतो. मला तर हा बुरूज सरदारांच्या वाड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

१५२२ मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला. तट तोफांना दाद देईना, म्हणून तुर्कांनी जमिनीखालून सुरुंग खणायला घेतले. गाब्रिएले तादिनी हा इटालियन अभियंता तेव्हा शहरात होता. त्याने ताणलेले कातडे जमिनीवर ठेवून त्याला बारीक घंटा बांधल्या. खाली कुदळ चालली की कंपने जमिनीतून कातड्यापर्यंत येत आणि घंटा किणकिणत. मग आतून आडवा बोगदा खणून सुरुंग निकामी केला जाई. ताशावर मोहरीचे दाणे पसरून, तो टेबलावर ठेवून दुसऱ्या टोकाला टकटक करा. दाणे हलतात का, हे विद्यार्थ्यांनाच पाहू द्या.

सगळेच सुरुंग सापडले नाहीत. सप्टेंबरमध्ये इंग्रज सरदारांच्या वाट्याच्या तटाखाली स्फोट झाला आणि दहा-बारा मीटर भिंत कोसळली. तरीही तुर्कांचे हल्ले मागे हटवले गेले. डिसेंबरपर्यंत मात्र दारू आणि माणसे दोन्ही संपत आली. जीविताची हमी मिळते आहे तर तह करा, असा शहरातल्या लोकांनीच आग्रह धरला. गड झुंजवण्याच्या कथांत या लोकांना क्वचितच जागा मिळते. १ जानेवारी १५२३ रोजी सरदार बेट सोडून गेले, नागरिकांपैकी बरेच जण मागे राहिले.

सरदारांना १५३० मध्ये माल्टा मिळाले, आणि १५६६ मध्ये त्यांनी व्हॅलेटा शहराचा पाया घातला. तेथे कोनदार बुरूज पहिल्यापासूनच आराखड्यात होते. याच प्रकारचे बुरूज पोर्तुगीजांनी आपल्याकडे वसईला बांधले. सहल तिकडे नेलीत तर त्यांची टोके जरूर पाहा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेनेही तो तट सुरुंग लावूनच फोडला.