एका संगणकात दोन-तीन संगणक



शाळेच्या कार्यालयात एक जुना संगणक अजून चालू आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे आणि जुन्या निकालपत्रकांचा प्रोग्राम फक्त तिच्यावरच चालतो. माजी विद्यार्थी गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागायला आले की हाच संगणक उघडावा लागतो. एक्सपीला सुरक्षा-सुधारणा मिळणे ८ एप्रिल २०१४ नंतर बंद झाले. यंत्रही थकले आहे. ते भंगारात काढावे का, असा प्रश्न विश्वस्त मंडळात निघाला. आमचे मत असे की यंत्र खुशाल जाऊ द्यावे, पण त्यातली एक्सपी, प्रोग्राम व निकालांसकट, नव्या संगणकाच्या पोटात जपावी.

विंडोज असो की लिनक्स, प्रत्येक प्रणाली स्वतःला घरमालक समजते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळे आपलेच, असा तिचा व्यवहार. दोन मालक एका घरात कसे नांदणार? म्हणून त्यांच्या वर एक कारभारी प्रोग्राम नेमतात. इंदूरच्या जुन्या वाड्यांत चार-चार बिऱ्हाडे (आपल्याकडचे किरायेदार!) एकाच विहिरीवर पाणी भरत, ज्याच्या त्याच्या वेळेला. हा कारभारी तसाच प्रोसेसरचा वेळ वाटून देतो, सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत. फरक एवढाच की वाड्यात शेजारी दिसतो. इथे प्रत्येक प्रणालीला सगळा वाडा आपलाच वाटतो.

हा भ्रम टिकतो कसा? प्रोसेसरच्या काही आज्ञा फक्त मालकानेच द्यायच्या असतात. आत ठेवलेल्या पाहुण्या प्रणालीने तशी आज्ञा दिली की प्रोसेसर तिला थांबवतो आणि काम कारभाऱ्याकडे जाते. तो ते तिच्या हिश्शापुरते करून देतो. तिला पत्ताही लागत नाही.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली एका मोठ्या यंत्रावर एकाच वेळी १४ आभासी संगणक चालवू शकत होती. टेबलावरच्या संगणकांचे मात्र बराच काळ अडले. पेंटियम प्रोसेसरमध्ये १७ आज्ञा अशा होत्या की त्या थांबवल्या जायला हव्या होत्या, पण थांबत नसत. निमूटपणे भलतेच उत्तर देऊन मोकळ्या होत. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या प्रोग्रामात युक्ती अशी होती की पाहुण्या प्रणालीच्या आज्ञा चालण्याआधीच वाचायच्या आणि अडचणीच्या तेवढ्या बदलून टाकायच्या. आम्हाला हा सगळ्यात हुशार भाग वाटतो. पुढे इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये ही सोय प्रोसेसरमध्येच आणली. पुष्कळ संगणकांत ती सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते, ती आधी सुरू करावी लागते.

आभासी संगणकाची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक फाइल. मुलांनी आत लिनक्स टाकून हवी तेवढी मोडतोड करावी. जपून ठेवलेली प्रत परत ठेवली की सगळे पूर्ववत. घरी एकच संगणक असलेल्या पालकांना याचे मोल कळेल.

मेमरी मात्र जादूने वाढत नाही. ८ जीबीतून दोन पाहुण्यांना दोन-दोन जीबी दिले की घरधन्याला ४ उरतात. एक्सपी अर्ध्या जीबीतही सुखाने राहते. शिवाय खरे यंत्र बसले की सगळी बिऱ्हाडे एकदम बसतात. त्यामुळे निकालांच्या फाइलीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, कार्यालयाच्या कपाटात हवीच. आतल्या एक्सपीला इंटरनेट अजिबात जोडू नये.

कारभारी प्रोग्राम व्हर्च्युअलबॉक्ससारखा फुकट मिळतो, लिनक्सही फुकट. विंडोजचे तसे नाही. यंत्रासोबत आलेला एक्सपीचा परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो. तेव्हा जुना संगणक हलवण्याआधी विश्वस्तांनी खरेदीचे कागद एकदा पाहून घ्यावेत, ही विनंती.